ज्युदो-जिउ-जित्सूचा क्लास लावताय? आधी पाठ टेकायला शिका

माझे आजोबा कोल्हापुरात तालमीत वाढले. कुस्तीचा निकाल त्यांच्या लेखी एकच होता: पाठ लागली की संपलं. बत्तिसाव्या वर्षी मी पुण्यात ज्युदोचा क्लास लावला, तेव्हा पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "आज फक्त पडायचं." तासभर मी मॅटवर पाठीवर पडत होतो. रात्री आजोबांना फोन करून हे सांगितलं, तर ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आमच्यात बी वस्ताद आधी माती खणायला लावायचा. डाव लई उशिरा."

त्याला आता नऊ वर्षं झाली. पाच वर्षं नुसता ज्युदो केला, मग ब्राझिलियन जिउ-जित्सूही सुरू केलं. नव्याने येणाऱ्यांना पहिले काही आठवडे सांभाळायचं काम सध्या क्लबात माझ्याकडे आहे. त्यातले बरेच जण तीन महिन्यांच्या आत गळतात. ताकद कमी पडली म्हणून सोडणारे थोडे. कुणी पहिल्या आठवड्यात बरगडी दुखावून घेतो, कुणी चुकीच्या क्लबात जाऊन घाबरतो, कुणाला रोज हरण्याची लाज वाटते. आधी कुणी नीट सांगितलं असतं तर यातले निम्मे टिकले असते असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

ज्युदो की जिउ-जित्सू?

दोन्हींचं मूळ एकच. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात १२ ताताम्यांच्या (जपानी चटयांच्या) जागेत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली, तिथून ज्युदो वाढला. त्याच कोदोकानमध्ये शिकलेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले. पुढे बेलेम शहरात त्यांच्याकडे कार्लोस ग्रेसी शिकले आणि ग्रेसी कुटुंबाने खाली जमिनीवरचा खेळ इतका वाढवला की त्याची वेगळी विद्या झाली. ज्युदोचं नाव आपल्याकडेही फार पूर्वीच पोचलं होतं. रवींद्रनाथ टागोरांनी १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी या जपानी शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावलं होतं.

फरक मॅटवर पाच मिनिटांत कळतो. ज्युदोत उभ्याने पकड घ्यायची आणि समोरच्याला जोरात, ताब्यात ठेवून पाठीवर आपटायचं. नीट जमलं तर 'इप्पॉन', सामना तिथेच संपला. आपल्या चीतपटीसारखंच. खाली दाबून २० सेकंद धरलं तरी इप्पॉन. पण जमिनीवर काही घडत नसेल तर पंच लगेच उभं करतात. जिउ-जित्सूत मात्र पाडल्याचे २ गुण मिळतात आणि खेळ तिथून सुरू होतो. खालच्याचे पाय ओलांडून बाजूला आलात तर ३ गुण, छातीवर किंवा पाठीवर स्वार झालात तर ४. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे खाली पाठीवर असलेला माणूस हरलेला नसतो. तो पायांच्या विळख्यात वरच्याला अडकवून ठेवतो, त्याला 'गार्ड' म्हणतात, आणि तिथून तो जिंकूही शकतो. कुस्ती बघत वाढलेल्या माणसाला हे पचायला महिना लागतो. मला दोन लागले.

निवड कशी करायची? मुलांसाठी मी ज्युदो सुचवतो. पडणं पक्कं होतं, तोल येतो, शालेय स्पर्धांचा रस्ताही खुला असतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी जिउ-जित्सूने सुरुवात करायला हरकत नाही, कारण उंचावरून आपटणं कमी. मधल्या वयात असाल आणि दोन्ही जवळ असतील तर सहा महिने ज्युदो करून मग जिउ-जित्सू जोडा. उभ्याने घाबरणारा माणूस खाली कितीही हुशार असला तरी अर्धाच राहतो. आणि घरापासून वीस मिनिटांवर एकच काहीतरी असेल, तर तेच लावा. शहराच्या दुसऱ्या टोकाचा नावाजलेला क्लब पहिल्या पावसात सुटतो.

पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास बघत बसा

ही पायरी कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. माझ्या बाबतीतही झालं. मी पहिल्यांदा गेलो तो क्लब वेगळाच होता. तिथे दहा मिनिटं पळवलं आणि सरळ एका जुन्या मुलासमोर उभं केलं, "लढ." माझ्याबरोबर त्याच दिवशी आलेला एक कॉलेजचा मुलगा डाव्या हातावर पडला, मनगट धरून बाहेर गेला, तो पुन्हा कधी दिसला नाही. मी दोन आठवड्यांत सोडलं आणि नंतर वर्षभर 'हे आपल्यासाठी नाही' असं समजत बसलो.

तेव्हा आधी जा, कडेला बसा, आणि डाव सोडून बाकी सगळं बघा. नवा माणूस कुणाबरोबर दिलाय? चांगल्या क्लबात तो जुन्या, शांत माणसाच्या हातात असतो. दोन नवखे एकमेकांवर सोडलेले दिसले तर सावध व्हा. कुणी टॅप केल्यावर, म्हणजे हाताने थोपटून हार मान्य केल्यावर, पकड त्याच क्षणी सुटते का? सरांचं लक्ष असतं का, की ते मोबाइलवर असतात? मॅटच्या फटी उघड्या आहेत का, भिंत किंवा खांब किती जवळ आहे, त्यावर गादी लावली आहे का? क्लबात बायका आहेत का, आणि त्या टिकून आहेत का? चाळिशीचे लोक आहेत का? ज्या जागी फक्त विशीतले दणकट पोरगे उरलेत, तिथे बाकीच्यांचं काय झालं हे ओळखा.

सरांना सरळ विचारा, तुम्ही कुणाकडे शिकलात, काळा पट्टा कुणी दिला. प्रामाणिक माणूस आनंदाने सांगतो. जिउ-जित्सूत निळ्या किंवा जांभळ्या पट्ट्याचे शिक्षकही असतात आणि त्यांनी ते लपवलं नाही तर त्यात काही कमीपणा नाही. मुलाला स्पर्धेत उतरवायचं असेल तर क्लब जिल्ह्याच्या ज्युदो संघटनेशी जोडलेला आहे का, तेही विचारून घ्या. वर्षाची फी एकदम भरू नका, सवलत कितीही असो. एक महिना भरा.

कपडे, आणि जुलैतली गी

पहिल्या महिन्यात काही विकत घेऊ नका. घट्ट टी-शर्ट, चेन आणि खिसे नसलेली ट्रॅक पँट, पाण्याची बाटली, आणि मॅटबाहेर घालायला चपला. संडासात अनवाणी जाऊन त्याच पायांनी मॅटवर येणं हा सगळ्यांवर केलेला अन्याय आहे. अंगठी, कडं, साखळी, मंगळसूत्र, कानातलं, मनगटावरचा दोरा सगळं काढून ठेवा. गीच्या, म्हणजे सरावाच्या जाड सुती पोशाखाच्या, बाहीत अंगठी अडकून बोट कसं फिरतं ते मी पाहिलंय.

महिनाभर टिकलात तर एक गी घ्या. ज्युदोची गी जिउ-जित्सूच्या क्लासलाही सुरुवातीला चालते, उलटं मात्र तितकंसं चालत नाही, कारण जिउ-जित्सूची गी अंगाला घट्ट शिवलेली असते आणि ज्युदोच्या मोजमापात ती बसेलच असं नाही. सुती कापड आटतं, म्हणून जरा सैल घ्या आणि थंड पाण्यात धुवा. घालताना डावी बाजू उजवीवर येते. उजवी डावीवर ठेवण्याची पद्धत जपानमध्ये प्रेताला कपडे घालताना असते, म्हणून सर लगेच टोकतील.

खरी परीक्षा पावसाळ्यात. जाड विणीची गी जुलैत दोन-दोन दिवस वाळत नाही. गॅलरीतल्या दोरीवर टाकली की बाह्या आणि कॉलर ओलसरच राहतात, आणि तो आंबूस वास दुसऱ्या दिवशी जोडीदाराच्या नाकाशी असतो. मी कॉलर उलटी करून, हँगरवर, पंख्याखाली टाकतो, आणि जून ते सप्टेंबर हलक्या विणीची दुसरी गी ठेवतो. क्लासहून आल्यावर गी पिशवीत राहू देऊ नका, रात्र झाली तरी बाहेर काढा. एकदा घातलेली गी न धुता पुन्हा घालायची नाही, यात तडजोड नको. गजकर्ण मॅटवर फार झपाट्याने पसरतं. अंगावर गोल, खाजरा चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत घरी थांबा आणि सरांना सांगा. लपवणाऱ्यामुळे अख्खा क्लब महिनाभर मलम चोळत बसतो. नखं दर दोन-तीन दिवसांनी, पायाचीसुद्धा.

पडणं

आता मुद्द्यावर. पडण्याला 'उकेमी' म्हणतात आणि पहिले तीन आठवडे दुसरं काही शिकवलं नाही तरी फी वसूल झाली असं समजा.

उकिडवे बसा. हनुवटी छातीला लावा आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवा. गाठ दिसतेय तोवर डोकं मागे आपटत नाही, एवढं एकच ध्यानात राहिलं तरी पुष्कळ. दोन्ही हात छातीपुढे. आता ढुंगण टाचांच्या अगदी जवळ टेकवत मागे लवंडा, पाठ गोल ठेवा, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे फाकवून, तळवे खाली करून, खांद्यापासून बोटांपर्यंत सपाट मारा. श्वास त्याच वेळी बाहेर. हात फार वर, कानाजवळ मारलात तर खांद्याला धक्का बसतो. आवाजाकडे लक्ष द्या. चांगलं पडणं म्हणजे एकच मोठी थाप. आधी 'धप्प' आणि मग 'थप्प' असे दोन आवाज आले तर हात उशिरा पोचतोय. पहिल्या दिवशी तळवे लाल होऊन झिणझिणतात. ते बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी मानेचे पुढचे स्नायू दुखतात, तेही बरोबर.

मग हेच अर्ध्या उभ्याने, मग उभ्याने, मग कुशीवर, मग पुढे गडगडत. एकच गोष्ट कायमची मोडायची आहे: पडताना हात मागे टेकवून स्वतःला वाचवायची सवय. त्यात मनगट, कोपर किंवा गळ्याचं हाड जातं. पाच-सहा वर्षांपूर्वी रिक्षा स्टँडजवळच्या ओल्या फरशीवर माझा पाय घसरला, तेव्हा हात मागे गेलाच नाही, आपोआप बाजूला मारला गेला. खरचटण्यावर निभावलं.

डोक्याचं मी जास्त ताणून सांगतोय, त्याला कारण आहे. जपानच्या शाळांत ज्युदो शिकताना डोक्याला मार लागून अनेक मुलं दगावली, त्यात पडणं पक्कं न झालेली नवखी मुलं मोठ्या संख्येने होती, आणि मागे पाडणारा ओसोतो-गारी हा डाव त्यात पुन्हा पुन्हा दिसतो. पडणं पक्कं होईपर्यंत तो डाव आपल्यावर जोरात मारू देऊ नका. डोकं आपटलं आणि नंतर डोकेदुखी, मळमळ, गुंगी असं काही वाटलं तर त्या दिवशी मॅटवर परतायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. सर "काही होत नाही" म्हणाले तरीही.

टॅप

गळा आवळला, कोपर ताणला गेला, किंवा नुसतीच भीती वाटली की थोपटायचं. समोरच्याच्या अंगावर, दोन-तीनदा, त्याला जाणवेल असं. हात अडकले असतील तर पायाने मॅटवर, नाहीतर तोंडाने "टॅप". मानेच्या दोन्ही बाजूंनी नीट आवळलेल्या पकडीत माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, विचार करायला वेळ नसतो.

२३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचे ज्युदोपटू मासाहिको किमुरा आणि एलियो ग्रेसी समोरासमोर आले. किमुरांनी खांद्याची पकड लावली, हात मोडला, तरी एलियोंनी हार मानली नाही. शेवटी भाऊ कार्लोस यांनी सामना थांबवला. ग्रेसींच्या घराण्याने त्या पकडीला जिंकणाऱ्याचं नाव दिलं, आजही जिउ-जित्सूत तिला 'किमुरा'च म्हणतात. गोष्ट थोर आहे. पण तुम्हाला सोमवारी ऑफिसात टाइप करायचंय. दुसऱ्या वर्षी एका साध्या सरावात मी आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटा ताणणाऱ्या पकडीत, अडकलो, समोरचा माझ्यापेक्षा नवा होता, म्हणून दोन सेकंद जास्त थांबलो. कोपरात 'टक' असं काहीतरी झालं. दहा आठवडे मी कडेला बसून इतरांचा सराव बघत होतो. पाण्याचा तांब्या डाव्या हाताने उचलावा लागत होता.

पकड लावणाऱ्याचीही जबाबदारी तितकीच. शेवटचा ताण हळूहळू द्या, झटका नाही. टॅप जाणवला की त्याच क्षणी सोडा. पहिल्या वर्षी तुमच्यावर काही गोष्टी होऊच देऊ नका: टाच पिरगाळून गुडघ्यावर येणारी पकड, दोन पायांच्या कात्रीने पाडणं (ज्युदोच्या स्पर्धांत हे बंदच आहे), आणि उडी मारून कमरेला लटकणारा जोडीदार. या तिन्हींत गुडघ्याचे लिगामेंट जातात आणि दुखायच्या आत जातात.

पहिला सराव-सामना

ज्युदोत त्याला 'रँडोरी' म्हणतात, जिउ-जित्सूत 'रोलिंग'. सुरुवातीला हात जुळवताना सरळ सांगा, "मी नवा आहे, हलकं घेऊया." हे म्हणण्यात काही कमी होत नाही. वजनात फार फरक असेल, समोरचा रागात वाटत असेल, किंवा बाईमाणसाला एखाद्या पुरुषाबरोबर नको वाटत असेल, तर "आत्ता नको" एवढं पुरे, कारण द्यायची गरज नाही. चांगल्या क्लबात कुणी कारण विचारतही नाही. मुलींनी गीच्या आत पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट, घातला की ओढाताणीत गी सरकली तरी चिंता राहत नाही.

नवखा माणूस श्वास रोखतो आणि मुठी आवळतो. दीड मिनिटात हात दगडासारखे होतात. सोडा. पकड बोटांनी घ्यायची, दंडाने नाही. एक सराव मी सगळ्यांकडून करून घेतो: डोळे मिटून फक्त बाही आणि कॉलर धरायची आणि समोरचा कुठल्या पायावर भार देतोय ते सांगायचं. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमार यांनी ६० किलो गटात कांस्य जिंकलं, भारताचं पॅरालिम्पिक ज्युदोतलं ते पहिलं पदक. दृष्टिबाधितांच्या ज्युदोत सामना एकमेकांची पकड देऊनच सुरू होतो. कापडातून किती काही कळतं, हे त्या सामन्यांत बघावं.

तालमीतून येणाऱ्यांसाठी दोन शब्द. तुमचा तोल, मान आणि दम पहिल्याच दिवशी कामी येईल. धोबीपछाड येत असेल तर सेओई-नागे हा खांद्यावरून फेकायचा डाव ओळखीचा वाटेल. पण पट काढायची सवय ज्युदोत आवरावी लागेल. २०१० मध्ये पायांना थेट हात घालण्यावर निर्बंध आले आणि २०१३ पासून ते पुरतं बंद झालं. जिउ-जित्सूत एकेरी पट, दुहेरी पट दोन्ही चालतात, तिथे तुम्ही जुन्या पट्ट्यांनाही पाडाल. मात्र पोटावर वळून पाठ वाचवायची आपली सवय तिथे घात करते. पाठीवर बसलेला माणूस गळ्याकडे हात घालतो. पाठ जमिनीला लावा आणि पाय समोर आणा.

किती दिवस, किती घाई

आठवड्यातून दोनदा. तीनदा करायचं असेल तर तीन महिन्यांनंतर. बोटं, मान आणि बरगड्या स्नायूंपेक्षा हळू तयार होतात. बरगडीत खोल श्वास घेताना कळ येत असेल तर रोलिंग बंद, पडण्याचा सरावही बंद, बघायला मात्र या.

पट्ट्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण फार विचारतात. ज्युदोत पांढऱ्यानंतर पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, काळा, आणि परीक्षा होतात. जिउ-जित्सूत मोठ्यांना पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. वयाची सोळा वर्षं झाल्याशिवाय निळा मिळत नाही, आणि बहुतेक ठिकाणी सर कधी देतील ते सरांनाच ठाऊक. वर्षभर पांढरा पट्टा कमरेला असणं अगदी नेहमीचं आहे.

सहाएक महिन्यांनी सर स्पर्धेचं विचारतील. एकदा जाऊन या, हरलात तरी चार-पाच मिनिटांत स्वतःच्या श्वासाबद्दल जे कळतं ते क्लासात कळत नाही. वजन कमी करण्यासाठी उपाशी राहू नका, आहे त्या गटात उतरा. ज्युदोत वजन आधीच, गी न घालता होतं. जिउ-जित्सूत बहुतेक ठिकाणी लढतीच्या तोंडावर, गी घालूनच काट्यावर उभं करतात, म्हणून घरी गीसकट वजन करून बघा. पावसाळ्यातली स्पर्धा असेल तर गी तीन दिवस आधी धुऊन टाका. ओलसर राहिलेली गी काट्यावर जड भरते.